गळ्याचं बटण

"वन्सं, यंदा तुम्ही चंद्राला ओवाळा."

नलूवहिनी असं म्हणाली तेव्हा मी परसातल्या दगडावर उभी राहून पायांवर पाणी घेत होते. भाऊबीजेची एसटी काय असते ते जिनं सोसलंय तिला सांगायला नको. मिरजेपासून कराडपर्यंत मी जवळजवळ एका पायावर आले होते, कारण दुसऱ्या पायाच्या जागी कुणाचा तरी फराळाचा डबा होता आणि डब्याची मालकीण दर वळणाला "अहो ताई, करंज्या आहेत त्यात" म्हणून मला दटावत होती. घरून निघण्याआधी माझ्या दोन नणंदा येऊन जेवून गेल्या होत्या. भावाला त्यांनी ओवाळलं, पुऱ्या मी तळल्या. वर्षभर मी एका वसतिगृहाच्या खाणावळीत पोळ्या लाटायची, आणि मुलं दिवाळीला गावी गेली की मला सुट्टी मिळायची ती ही अशी. त्यामुळे वहिनीचं बोलणं कानात शिरलं, पण त्याचा अर्थ लागेपर्यंत तांब्यातलं पाणी संपलं.

"काय म्हणालीस?"

"मोठ्यानं नका बोलू. आत्ती आत पाट पुसतायत." आत्ती म्हणजे तिची सासू, माझी आई.

आमच्याकडे जिला भाऊ नाही ती भाऊबीजेच्या संध्याकाळी अंगणात जाऊन बीजेच्या चंद्राला ओवाळते. जिला भाऊ आहे ती पाट मांडून भावाला ओवाळते. मला भाऊ होता. निदान आई तसं म्हणायची, आणि आई म्हणायची म्हणून मी दरवर्षी मिरजेहून उंब्रजला यायची.

श्रीरंगदादा शिंपीकाम करायचा. बाबांच्या माघारी दुकान त्याच्याकडे आलं, लग्न झालं, बरं चाललं होतं. एक दिवस सकाळी "कराडला जाऊन अस्तराचं कापड घेऊन येतो" म्हणून पिशवी घेऊन निघाला तो गेलाच. भांडण नाही, तंटा नाही. मशीनवर अर्धवट पॅन्ट तशीच होती, सुई कापडात टोचलेली. पहिल्या वर्षी आम्ही रडलो, मग शोधत राहिलो, पुढं पुढं नुसत्या बातम्या ऐकल्या. कुणी म्हणे सुरतेला दिसला, कुणी म्हणे हुबळीत एका हॉटेलच्या गल्ल्यावर बसतो. आमचे हे दोन वेळा हुबळीला जाऊन आले. दुसऱ्या खेपेला त्यांनी माझ्यासाठी शाल आणली, ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "आता पुन्हा जायला सांगू नकोस." त्यांचं काही चुकलं नव्हतं.

आईनं मात्र हाय खाल्ली नाही. तिनं वेगळीच वाट काढली. बहिणीनं भाऊबीजेला ओवाळलं की वर्षभर यम भावाच्या वाटेला जात नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. मग ओवाळणं चुकवायचं नाही. माणूस नसला तर माणसाचं कापड ओवाळायचं. दर दिवाळीला वहिनी दादाच्या मापाचा नवा शर्ट शिवायची, आई तो पाटावर मांडायची आणि मी त्या शर्टाला ओवाळायची. कुंकवाचं बोट पाटाच्या कडेला लावायचं, कापडाला डाग नको म्हणून.

त्या शर्टांना गळ्याचं बटण नसायचं. ती बाबांची पद्धत. गिऱ्हाइकाचं कसंही असो, घरच्या माणसाचा सदरा शिवला की गळ्याचं बटण सगळ्यात शेवटी, सदरा अंगावर चढवून लावायचं. गळा बसला की नाही ते तेव्हाच कळतं म्हणायचे. दिवाळीच्या पहाटे दादा मान वर करून उभा राहायचा, त्याला गुदगुल्या व्हायच्या, आणि बाबा तोंडात दोरा धरून डोळे वटारायचे. आई ते बटण शर्टाच्या खिशात टाकून ठेवायची. "आला की लावीन अंगावर," म्हणायची. ओवाळून झालं की शर्ट माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जायचा. पेटी भरत आली होती, आणि प्रत्येक खिशात एकेक बटण होतं.

"वहिनी, मी चंद्राला ओवाळलं तर त्याचा अर्थ काय होतो ते कळतंय ना तुला?"

"कळतंय म्हणूनच तुम्हाला सांगतीय." तिनं आवाज आणखी खाली आणला. "मी म्हणाले तर मी कैदाशीण. नवऱ्याला जितेपणी मारला म्हणतील. आत्ती तर जन्मात म्हणायच्या नाहीत. मग राहिलं कोण?"

"आणि म्हणायचंच कशाला? चाललंय ते चाललंय."

"तुमचं चाललंय, वन्सं. तुम्ही वर्षातून एकदा येता, ओवाळता, सकाळच्या गाडीनं जाता. मी रोज सकाळी आरशापुढं उभी राहून कुंकू लावते. कुणाचं लावते ते मला माहीत नाही."

ती असं कधी बोलायची नाही. तिचे डोळे सुजले होते, पण रडून नव्हे. ऐन दिवाळीत शिंप्याच्या घरात कुणी झोपत नसतं. मी सरळ विचारलं, "कुणी आहे का?"

तिनं वाकून बादली उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"मसूरचे रघुनाथराव. बँडात क्लॅरोनेट वाजवतात. आपल्यातलेच आहेत, पण सुई सोडून क्लॅरोनेट धरलं. बायको वारली, एक मुलगी आहे शाळेत जाणारी. बँडचे ड्रेस आपल्याकडं शिवायला दिलेत, तेव्हा मापं द्यायला आले होते."

"मग?"

"मग काय. तुळशीच्या लग्नाआधी सांगा म्हणाले. एकदा विचारलंय, परत विचारून त्रास देणार नाही म्हणाले. कागदाचं काय ते होईल असं वकील म्हणतो. मला कागदाचं नाही पडलेलं. आत्तींनी तोंडानं जा म्हणायला पाहिजे. ह्या घरातून एक जण न सांगता गेलाय, तेवढा पुरे झाला."

बोलायला हवं होतं ते सुचलं नाही आणि सुचलं ते भलतंच. ना दादाचा विचार, ना तिचा. माझ्या डोक्यात आलं ते एवढंच, की ही गेली तर आई कुठं राहणार? मिरजेत आमच्या दोन खोल्या. एका खोलीत अर्धांग झालेली सासू खाटेवर, दुसरीत आम्ही दोघं आणि पोरं. सकाळी पोळ्या, संध्याकाळी पोळ्या, रात्री सासूची कूस बदलायची. त्यात आणखी एक म्हातारी, तीही डोळ्यांत मोतीबिंदू झालेली. मला वहिनीचा राग आला. तुला सुख मिळावं म्हणून मी मरू का, असं अगदी तोंडावर आलं होतं.

"बघते," मी म्हणाले.

आमच्या घरात 'बघते' म्हणजे नाही. हे तिलाही माहीत होतं. तिनं बादली उचलली आणि आत गेली.

आई माजघरात पाट पुसून बसली होती. पायरव ऐकून तिनं मान वर केली.

"आलीस व्हय, हिरे? किती उशीर. उन्हं कलली."

"गाडीला गर्दी होती, आई."

"असणारच. आज समदे भाऊ निघाल्यात." दरवर्षी ती हेच म्हणायची, आणि त्यापुढं एक वाक्य असायचं, "त्यो बी निघाला असंल." त्या वर्षी ते ती म्हणाली नाही. मी पिशवीतून लाडू काढत होते, म्हणून त्याकडे तेव्हा फारसं लक्ष गेलं नाही.

"नले, शर्ट कुठाय? काय यंदा शर्ट न्हाई का?"

"झाला, आत्ती. खालचं बटण लावतीय," बाहेरच्या खोलीतून वहिनी म्हणाली.

एरवी आईच काजं करायची, शर्ट तिच्या मांडीवरून दोन दिवस हलायचा नाही. यंदा डोळ्यांनी दगा दिला आणि वर मसूरच्या बँडच्या ड्रेसांची घाई. बाहेरच्या खोलीत जरीच्या पट्ट्या लावलेले तांबडे कोट ढिगानं पडले होते. तुळशीचं लग्न लागलं की बँडचा हंगाम सुरू, त्याआधी ते जायला हवे होते. दादाचा शर्ट त्या सगळ्याच्या शेवटी, त्याच दिवशी पहाटे कापला होता.

मी पाटाभोवती रांगोळी काढली. तबकात निरांजन, सुपारी, अक्षता ठेवल्या. वहिनीनं शर्ट आणून आईच्या हातात दिला. पांढऱ्यावर बारीक निळी रेघ होती. आईनं वरचं बटण चाचपून पाहिलं, ते नव्हतं. खिसा चाचपला, त्यात होतं. तिचं समाधान झालं.

मांडायची तिची रीत ठरलेली होती. बाह्या खाली दुमडायच्या, पाठ पाटावर टाकायची आणि खांदे पाटाच्या कडांना जुळवायचे. तो फुल्यांचा पाट बाबांच्या वेळचा. दादाचे खांदे त्यात कडेला कडा बसायचे. आईला ते फार आवडायचं, जणू पाट त्याच्यासाठीच करून घेतला होता.

मी निरांजन लावलं, तबक हातात घेतलं आणि उभी राहिले. आई अजून चाचपतच होती. खांदे एकीकडे सरकवले की दुसरीकडे लोंबायचे.

"हिरे, पाट बदललास का गं?"

"नाही. तोच आहे, फुल्यांचा."

"मग बारका कसा झाला?"

मी पाहिलं तर शर्टाचे खांदे दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं पाटाबाहेर आले होते. आईनं अंगठा आणि करंगळी ताणून वीत टाकली. एकदा खांद्यावर, एकदा छातीवर. मग तिनं हात काढून घेतला.

"ह्यो श्रीरंगाचा न्हाई."

मी वहिनीकडे पाहिलं. ती उंबऱ्यात उभी होती. आधी तिला काही कळलंच नाही, कपाळाला आठी घालून ती पुढं आली, गुडघ्यावर बसली आणि तळहात शर्टाच्या खांद्यावर ठेवला. तिथं तिला कळलं. तिचा चेहरा असा उतरला की मला तबक खाली ठेवून तिला धरावंसं वाटलं.

"कुणाचं माप हाय, नले?"

वहिनी शर्टाची बाही सारखी करत राहिली. गल्लीत पोरं उरलेसुरले फटाके उडवत होती.

"मी सांगू?" आई म्हणाली. "काल मी तांबड्या कोटांच्या घड्या घातल्या. एक कोट असा हाताला लागला. ही फुकणाऱ्या माणसाची छाती हाय."

"आत्ती, मी मुद्दाम नाही केलं. तुमच्या गळ्याशपथ. पहाटे उरलेले कोट कापून झाले, त्याच झोपेत हे कापड ओढलं आणि कात्री चालवली. ह्यांचं माप मला तोंडपाठ आहे हो."

"तोंडपाठ हाय, तर मग?"

"हात विसरला," वहिनी म्हणाली, आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडायला लागली.

मला वाटलं, आता आई घर डोक्यावर घेणार. कोपऱ्यावर पाणी भरणाऱ्या बायका येऊन उभ्या राहतील इतकं ती बोलू शकायची. तरुणपणी तिनं एका गिऱ्हाइकाला उसवलेल्या टाक्यांवरून वेशीपर्यंत सुनावलं होतं. पण तसं झालं नाही. तिनं शर्ट पाटावरून उचलला, मांडीवर घेतला आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. शिलाई पाहत होती. शिलाई चांगलीच होती.

"किती दिस झालं?" तिनं विचारलं.

"कशाला, आत्ती?"

"हात विसरून."

"मला नाही माहीत."

"मला बी न्हाई." आईचं बोट कडेवरून पुढं सरकलं. "त्याचं बोलणं मला आधी ऐकू यायचं. न्हाणीतनं हाक मारायचा, आई पंचा, तसं. आता लई आठवलं तरी येत न्हाई. कुणाचा तरी आवाज येतो, त्याचा न्हाई. कुणाला सांगू हे? हिरा येती वर्सातनं एक डाव, तिला ह्ये सांगत बसू?"

माझा हात भरून आला होता. तबक जड नव्हतं, पण पहाटेपासून त्या हातानं काय काय केलं होतं त्याचा हिशेब तोच ठेवत असावा. त्या माजघरात आम्ही तिघी, तिघींना झोप हवी होती, आणि तिघी मिळून एका रिकाम्या पाटाला जागवत होतो. मला एकाएकी असा कंटाळा आला, की विचार करायलाही जोर उरला नाही. त्यामुळेच बहुतेक मी ते बोलून गेले.

"आई, चंद्र बुडेल."

"कुठला चंद्र?"

"बीजेचा. थोडाच वेळ असतो तो."

ती समजली. तिचं बोट शर्टाच्या कडेवर थांबलं.

"मी त्याला ओवाळते," मी म्हणाले, आणि थांबले तर पुढचं तोंडातून निघणार नाही म्हणून त्याच दमात सांगून टाकलं, "आणि तू मिरजेला ये, माझ्याकडे राहायला."

"तुझी सासू हाय की तिथं."

"ती एका खाटेवर, तू दुसऱ्या. भांडा दोघी दिवसभर. तिला बोलता येतंय अजून."

वहिनीनं तोंडातला पदर काढला आणि माझ्याकडे पाहत राहिली. आई मात्र हसली नाही.

"आणि यम गेला त्याच्याकडं तर? माझ्या लेकराकडं?"

"आई, दादा आहे का नाही ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. असला तर तो त्याच्या पायांनी गेलाय आणि त्याच्या पायांनी कुठंतरी आहे. माझ्या ओवाळण्यावर तो जगत नाही. ह्या शर्टानं त्याला काही धरून ठेवलेलं नाही. वहिनीला तेवढं धरून ठेवलंय."

आई डोळे मिटून बसली. निरांजनातलं तूप वितळून वात एका बाजूला कलली होती. मी ती नीट करावी की नको, या विचारात उभी राहिले. आई हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. तिनं नुसती मान दाराकडे वळवली.

"भाईर वारं हाय," ती म्हणाली. "निरांजनाला पदराचा आडोसा धर."

मी परसात आले. शाळेच्या पत्र्यांच्या वर चंद्राची कोर होती, इतकी बारीक की आधी मला सापडेना. मी तबक वर केलं आणि ओवाळलं. दादाला ओवाळताना मी मनात म्हणायची, यंदा तरी ये. चंद्राला काय म्हणायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मला वाटलं होतं, त्या वेळी रडू येईल. आलं नाही. हात दुखत होता, एवढंच.

पलीकडच्या परसात शेवंताकाकू वाळत घातलेले कपडे काढत होत्या. माझ्या हातातलं तबक त्यांनी पाहिलं, मग वर पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"का गं हिरा? चंद्राला?"

"हो, काकू."

त्यांच्या हातातला टॉवेल खाली पडला. तो उचलायच्या आधीच त्या घरात गेल्या. सकाळपर्यंत सगळ्या आळीला कळणार होतं. आता ते माघारी घेता येणार नव्हतं, आणि खरं सांगते, त्याचं मला बरंच वाटलं.

मी आत आले तर आई दिव्याखाली सरकून बसली होती. मांडीवर तोच शर्ट होता आणि हातात खिशातलं बटण.

"नले, सुई-दोरा दे. वव तूच, मला भोक दिसत न्हाई."

वहिनीनं दोरा ओवला. मशीनवर जिचा हात कधी चुकायचा नाही तिला तीनदा दोरा थुंकी लावून वळावा लागला. आईनं गळपट्टीवर बोटानं जागा शोधली आणि सुई घातली.

"आत्ती," वहिनी घाबरून म्हणाली, "ते अंगावर लावायचं असतं ना?"

"परक्या पुरुषाच्या अंगाला मी म्हातारी हात लावू व्हय? तू कापलाईस न्हवं, मग गळा बराबर असंल." तिनं टाके घातले, बटणाखाली दोऱ्याचे वेढे दिले आणि दातानं दोरा तोडला. मग बटण काजातून घालून-काढून पाहिलं. "मसूरला जाशील तवा ह्यो घिऊन जा. रिकाम्या हातानं जायाचं न्हाई."

वहिनी तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकली, तर आईनं तिचा दंड धरून तिला वर उचललं.

"हे नंतर. आधी वाढ. हिरा सकाळपासनं उभी हाय."

आम्ही तिघी जेवलो. बासुंदी होती, दादाला आवडायची म्हणून दरवर्षी असायची. त्या दिवशी ती कुणी उरवली नाही.

तुळशीची लग्नं झाल्यावर वहिनी गेली. कागदाचं पुढं सवडीनं झालं. देवळात चार माणसांसमोर हार घातले. रघुनाथराव उंच, लाजरे, आणि त्यांनी तो निळ्या रेघेचा शर्ट गळ्यापर्यंत बटण लावून घातला होता. कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, स्वतःच्या लग्नात तरी वाजवा. ते म्हणाले, आज नाही, आज दम पुरायचा नाही. वहिनी अजून दिवाळीला मला फराळ पाठवते. तिला सावत्र लेकीचे दोन नातू आहेत.

आई मिरजेला आली ती पत्र्याची पेटी घेऊनच. आमच्या ह्यांनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता ती खाटेखाली सरकवून दिली. आई आणि माझी सासू खरंच भांडल्या. चहा कुणाला आधी, खिडकी कुणाच्या बाजूला, सगळ्यावरून. सासू गेली तेव्हा सगळ्यात जास्त रडली ती आई. मी किती थकले ते सांगत नाही. सगळ्या थकतात.

दर भाऊबीजेला मी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायची. आई निम्मा जिना चढून यायची आणि तिथून ओरडायची, "दिसला का? बुडंल बघ, लवकर ओवाळ." आपण होऊन ती दादाचं नाव काढायची नाही. एका वर्षी मलाच राहवलं नाही. जिना उतरता उतरता मी विचारलं, "आई, आणि उद्या दादा आलाच तर?"

ती माझ्या हाताला धरून एकेक पायरी खाली सरकत होती. थांबली नाही.

"आला तर आला. शर्ट हायत की त्याचं पेटीत. मी नसंन, तर बटणं तू लाव. अंगावर लाव. मान वर कर म्हणावं, हसतोय त्यो."

आई जाऊन बरीच वर्षं झाली. पेटी अजून माझ्या खाटेखाली आहे. उन्हाळ्यात मी शर्ट काढून ऊन दाखवते, खिशातली बटणं आहेत का ते पाहते आणि पुन्हा घड्या घालते. बीजेला चंद्राला ओवाळते, तेही चुकवत नाही. सुईदोराही पेटीतच ठेवलाय, फक्त आता दोरा ओवायला मला नातीला हाक मारावी लागते.